सम्राटाच्या गळ्यावरची चीर

हिलारुस म्हणजे हसरा. गुलामाचं नाव मालकाच्या लहरीवर ठरतं. त्याला विकत घेतलं त्या दिवशी म्हातारा स्टलाकियुस बहुधा खुशीत असावा. पुढे तो मोकळा झाला, मालकाचं कुळनाव त्याच्या नावापुढे लागलं, पण पुतिओलीच्या बंदरावर सगळे त्याला हिलारुसच म्हणत. तो कधी हसताना दिसला तर ‘आज कुणाचं गलबत बुडालं?’ असं विचारत.

तो नाणेपारखी होता. मासळीबाजाराच्या कडेला, खांबांच्या सावलीत त्याचं मेज असे. मेजावर काळ्या दगडाची गुळगुळीत लादी, चामड्याचा तुकडा, एक छिन्नी, एक हातोडी. व्यापारी चांदीच्या देनारांची थैली आणून ठेवत. तो एकेक नाणं लादीवर टाकी आणि डोळे मिटून ऐके. चांदीचं नाणं खणखणे आणि त्याचा नाद जरा वेळ हवेत रेंगाळे. आत तांबं आणि वर चांदीचा मुलामा असला की ते बद्द वाजे. थैली पारखून झाली की तो तिचं तोंड शिवी, दोऱ्यावर मेणाची मोहोर करी आणि हाडाची एक छोटी पट्टी बांधी. पट्टीवर त्याचं नाव आणि एकच शब्द कोरलेला असे : पाहिलं. ती पट्टी असली की पार अलेक्झांड्रियापर्यंत कुणी थैली उघडून बघत नसे. धान्याची गलबतं भरली जात, रिकामी होत, थैली या हातातून त्या हातात जाई, मोहोर तशीच राही.

हे कान त्याला स्टलाकियुसनं दिले होते. म्हातारा मागे उभा राहून लादीवर नाणी टाकी आणि विचारी, “खरं की खोटं?” उत्तर चुकलं की डाव्या कानाखाली बसे. उजव्या कानाला म्हाताऱ्यानं कधी हात लावला नाही, कारण हिलारुस उजव्या कानानं ऐके. माल खराब करायचा नाही, एवढं त्याला कळत होतं.

म्हाताऱ्यानं आणखी एक गोष्ट पक्की शिकवली होती. कानानं निकाल लागला नाही, किंवा नाण्याचा मालक ऐकेना, तर छिन्नीनं नाण्याला बारीक चीर द्यायची आणि आतलं तांबं दाखवायचं. पण चीर द्यायची ती काट्यावर, छाप्यावर नाही.

“छाप्यावर माणूस आहे,” म्हातारा म्हणे, “आणि माणूस सूड धरतो. काट्यावर देवी आहे. देव्यांना आपण रोज इतकं काय काय करतो, त्या सोसतात.”

म्हणून हिलारुस नाणं चामड्यावर पालथं घाली, सम्राटाचं तोंड खाली आणि देवी वर. देवीच्या आसनाजवळ एक बारीकशी टिचकी दिली की झालं. इतकी वर्षं काम असंच चाललं.

मग सम्राट राजधानी सोडून समोरच्या बेटावर राहायला गेला. निरभ्र दिवशी बंदराच्या धक्क्यावरून ते बेट ढगासारखं दिसे. माणूस दिसेनासा झाला आणि त्याचा चेहरा मात्र जिथे तिथे जड झाला. कुणीतरी बटव्यात देनार घेऊन शौचकूपात गेला आणि त्याच्यावर सम्राटाच्या अवमानाचा खटला भरला, अशी बातमी शेजारच्या गावाहून आली. खरी की खोटी कुणी विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी सार्वजनिक शौचकूपाच्या दाराशी एक लंगडा टोपली घेऊन बसायला लागला. लोक त्याच्याकडे बटवे ठेवत आणि आत जात.

“आत जायचं तर सम्राटाला बाहेर बसवून जायचं,” मासळीचा रस्सा विकणारी आम्प्लिआता म्हणे. तिचे रांजण हिलारुसच्या मेजाला खेटून असत. “बिचारा इतकी वर्षं आपल्याबरोबर आत येत होता, तेव्हा काही बोलला नाही.”

“हळू बोल गं बाई,” हिलारुस म्हणे.

“तू ऐकतोस म्हणून सगळं जग ऐकतं असं नाही रे.”

पण जग ऐकत होतं. खटल्यात माणूस दोषी ठरला की त्याच्या मालमत्तेतला वाटा तक्रार करणाऱ्याला मिळे, त्यामुळे ऐकणं हा एक धंदाच झाला होता. त्यातच बोलवा उठली की नव्या देनाराच्या काट्यावर राजदंड आणि फांदी घेऊन बसलेली बाई ही देवी नाहीच, ती सम्राटाची आई आहे. टांकसाळीनं असं कधी सांगितलं नव्हतं. पण नाही असंही सांगितलं नव्हतं. बाजारानं तिला आई ठरवली आणि पारख्यांची पंचाईत झाली. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला आई. छिन्नीला जागा उरली ती फक्त कडेची, आणि देनाराची कड ती केवढी! त्या कडेवर छिन्नी ठरायची म्हणजे तारेवर बैल उभा करण्यासारखं होतं. हिलारुसनं लाकडाच्या ठोकळ्यात एक खाच केली. तो नाणं त्यात उभं खोचून कडेला टिचकी देऊ लागला. शक्यतो देतच नसे. माझ्या कानावर भरवसा नसेल तर दुसरीकडे जा, असं सांगून मोकळा होई.

सेरिनियुस थैली घेऊन आला तेव्हा बाजार भरात होता. सेरिनियुसला सगळे ओळखत. त्याचा नक्की व्यवसाय काय ते कुणाला सांगता येत नसे, पण गेल्या दोन वर्षांत त्यानं टेकडीवर घर घेतलं होतं आणि ज्याचं ते घर होतं त्याचं नाव आता कुणी काढत नसे. त्याच्याबरोबर आणखी दोघे होते.

“बांधून दे,” तो म्हणाला. “तुझी पट्टी हवी. तुझ्या पट्टीला मान आहे.”

हिलारुसनं नाणी टाकायला सुरुवात केली. ती खणखणत राहिली. मधेच एक बद्द वाजलं. त्यानं ते पुन्हा टाकलं, मग बाजूला सारलं.

“हे नाही.”

“का नाही?”

“मुलामा आहे. आत तांबं.”

“तुझा कान म्हणतो. मला डोळ्यांनी दाखव.”

“बाकीची बांधून देतो, धनी. हे एक तुम्ही परत घ्या.”

“म्हणजे मी खोटं नाणं बाळगतो?” सेरिनियुसनं आवाज चढवला. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. “चारचौघांत मला खोटा म्हणतोस, आणि दाखव म्हटलं की दाखवत नाहीस?”

इथे हिलारुसनं थैली परत करायला हवी होती. पण इतक्या लोकांसमोर त्याच्या कानावर शंका घेतली गेली होती, आणि त्याच्याजवळ कानाशिवाय दुसरं होतं काय? त्यानं नाणं खाचेत उभं केलं, छिन्नी कडेवर टेकवली आणि हातोडी मारली. खोट्या नाण्याच्या कडेला मुलामा दुमडलेला असतो, तिथे धातू जाड आणि निसरडा होतो. छिन्नी घसरली. नाणं खाचेतून आडवं झालं आणि छिन्नी छाप्यावरून सरळ गेली, मानेच्या मागून पुढे हनुवटीखालपर्यंत. चिरेत तांबडा रंग चमकला.

“बघा,” हिलारुस म्हणाला. त्या क्षणी त्याला खरोखर समाधान वाटलं होतं. “तांबं.”

सेरिनियुसनं तांब्याकडे पाहिलं नाही. त्यानं नाणं उचललं, बरोबरच्या दोघांना दाखवलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “सम्राटाचा गळा कापला यानं!”

तेव्हा हिलारुसच्या लक्षात आलं की त्या दोघांनी आधीच्या एकाही नाण्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

ग्रानियुस त्या वर्षी नगराचा प्रमुख न्यायाधीश होता. तक्रार लेखी घेण्याआधी त्यानं सगळ्यांना घरी बोलावलं. त्याच्या चौकात, पाण्याच्या हौदाशेजारी, नाणं एका ताटलीत ठेवलेलं होतं. ग्रानियुसनं त्याला बोट लावलं नाही. वाकून पाहिलं आणि ताटली जरा लांब सरकवली.

“सेरिनियुस म्हणतोय, तू सम्राटाच्या गळ्यावर छिन्नी चालवलीस.”

“तो सम्राट नाही, साहेब. ते तांबं आहे.”

“चेहरा कुणाचा आहे?”

“चेहरा सम्राटाचा आहे. पण चोरून लावलेला. ज्यानं हे नाणं पाडलं त्यानं चेहऱ्याचा अवमान केला. मी तर तो उघड केला.”

“चिरेत काय दिसतंय ते मला तरी कळत नाही. काळपट आहे. कुणी पाहिलं?”

आम्प्लिआताला पुढे केलं. एरवी जिच्या तोंडाला झाकण नसे ती बाई पदर आवळून उभी होती.

“तांबडं काहीतरी दिसलं, साहेब. पण मी तेव्हा बांगडा चिरत होते. तांब्याचं तांबडं की मासळीचं, ते मला शपथेवर नाही सांगता येणार.”

ती हिलारुसकडे न बघता मागे सरली.

“मग मधोमध कापू द्या,” हिलारुस म्हणाला. “इथे, तुमच्यासमोर. दोन तुकडे झाले की आंधळ्यालाही कळेल.”

“मधोमध म्हणजे कुठून?”

हिलारुसनं नाण्याकडे पाहिलं. “नाकातून, साहेब.”

ग्रानियुसचा कारकून उगाच हौदाकडे बघायला लागला.

“आणि मी तुला हो म्हणायचं,” ग्रानियुस सावकाश म्हणाला. “उद्या राजधानीतून विचारतील, सम्राटाचं नाक कापायची परवानगी कुणी दिली? तेव्हा ‘आत तांबं होतं’ हे मी कुणाला सांगत बसू?” मग तो सेरिनियुसकडे वळला. “नाणं आलं कुठून?”

“माझ्या थैलीतून.”

“आत तांबं असलं तर खोटं नाणं बाजारात आणणारा तू.”

“आत चांदीच आहे.”

“छान. मी तक्रार लिहितो आणि नाणं राजधानीला पाठवतो. टांकसाळीतले लोक बघतील. त्यांना चेहरे वितळवायची सवय आहे, रोजचं काम आहे त्यांचं. मग कळेलच.”

सेरिनियुसनं ताटलीतल्या नाण्याकडे पाहिलं. टेकडीवरचं घर आठवत असावं.

ग्रानियुस बसला. त्याला घाई नव्हती. जणू भाजीचा भाव ठरवतोय अशा सुरात त्यानं तोडगा सांगितला. नाणं चांगलं आहे. चीर जुनी आहे, वाटेत पेटीच्या खिळ्याला लागली असेल. सेरिनियुसनं चुकून वेगळं पाहिलं. हिलारुस सम्राटाच्या रक्षक देवतेची शपथ घेऊन सांगेल की नाणं खरं आहे आणि त्याच्या हातात आलं तेव्हाच चिरलेलं होतं. मग ते थैलीत घालून, मोहोर करून, आपली पट्टी बांधून मरणानंतर देव ठरवलेल्या आधीच्या सम्राटाच्या देवळात वाहायचं. तक्रारीला काही उरत नाही, आणि कुणाला राजधानीला काही लिहावं लागत नाही.

“साहेब,” हिलारुस म्हणाला, “त्या देवतेची खोटी शपथ घेणं हा सुद्धा तोच गुन्हा आहे.”

“शपथ खोटी आहे हे नाणं कापल्याशिवाय कळणार नाही. आणि ते कोण कापणार? उद्या सकाळपर्यंत विचार कर. शपथ नको असेल तर मी तक्रार लिहितो. मग सेरिनियुसचं काय व्हायचं ते होवो, तुझा गळा आधी जाईल.”

घरी नेब्रिसनं वाटाण्याची आमटी आणि भाकरी पुढे ठेवली. तिला हिलारुसनं स्वतःच्या कमाईतून सोडवलं होतं आणि मग लग्न केलं होतं. बाजारातल्या बातम्या तिला त्याच्या आधी कळत.

“शपथ घ्या,” ती म्हणाली.

“नाणं खोटं आहे.”

“मला माहीत आहे. बंदरावरच्या मांजरांनाही माहीत आहे. घ्या शपथ.”

“अगं, पट्टी बांधायची आहे. माझ्या नावाची. ‘पाहिलं’ म्हणून.”

“मग पाहिलंतच ना तुम्ही? डोळे फुटले नव्हते.”

“चेष्टा नको करूस.”

“चेष्टा कोण करतंय?” तिनं त्याच्यासमोरची वाटी भरली. “तुम्ही गेलात तर घर जाईल. मला कोण ठेवून घेईल या वयात? तुमचं नाव मला खाता येत नाही हो. जेवा.”

तो जेवला. स्टलाकियुस असता तर काय म्हणाला असता, हा विचार त्याच्या मनात आला. म्हातारा काहीच म्हणाला नसता. त्यानं उजव्या कानाखाली मारली असती.

सकाळी देवळाच्या पायऱ्यांवर बरीच गर्दी होती. हिलारुसनं हात वर करून शपथ घेतली. आवाज स्पष्ट होता. मग त्यानं नाणं उचललं. पुजाऱ्यासमोर कापडी थैलीत टाकण्याआधी सवयीनं त्याचा हात पायरीच्या दगडाकडे गेला; त्यानं तो मधेच आवरला. नाणं न वाजताच थैलीत गेलं. त्यानं शिवण घातली, मोहोर केली, पट्टी बांधली. गाठ त्याच्या नेहमीच्या गाठीसारखीच घट्ट बसली. सेरिनियुस पहिल्या ओळीत उभा राहून हे बघत होता. सगळं झाल्यावर तो म्हणाला, “मी म्हटलंच होतं, तुझ्या पट्टीला मान आहे.”

कुणी हिलारुसला खोटारडा म्हटलं नाही. पहिले काही दिवस लोकांनी पाठीवर थाप मारली, जीव वाचला म्हणून मद्य पाजलं. थैल्या मात्र कुणी आणल्या नाहीत. अलेक्झांड्रियाच्या एका धान्यव्यापाऱ्याकडे त्यानं आधी बांधलेली थैली होती, नाणं चिरलं त्याच्या कितीतरी आधी पारखलेली. तो व्यापारी बाजारात आला, त्यानं हिलारुसच्या मेजासमोर उभं राहून ती मोहोर फोडली आणि दुसऱ्या पारख्याकडून सगळी नाणी पुन्हा वाजवून घेतली. सगळी खरी निघाली. व्यापाऱ्यानं मान हलवली, हिलारुसला नमस्कार केला आणि नवी थैली त्या दुसऱ्या पारख्याकडूनच बांधून घेतली. त्यात राग नव्हता. राग असता तर हिलारुसला काही उत्तर तरी देता आलं असतं.

पुढच्या हंगामात त्यानं मेज विकलं. लादी ठेवली.

आम्प्लिआतानं त्याला रांजणांमागे बसायला जागा दिली. “काही करू नकोस,” ती म्हणाली. “नुसता बस. तुला बघून अजून चार चोर बिचकतात.” मग रांजणाचं झाकण लावत ती म्हणाली, “बांगडा नव्हता रे त्या दिवशी. बांगडा यायचा हंगामच नव्हता.”

“माहीत आहे,” हिलारुस म्हणाला.

“काही म्हणाला नाहीस तेव्हा.”

“तू खरं सांगितलं असतंस तर आपण दोघे गेलो असतो.”

ती गिऱ्हाइकाकडे वळली. तो दिवसभर बसे आणि लोक देत ती नाणी रांजणाच्या दगडी कडेवर वाजत तेव्हा डोळे मिटी. एखादं बद्द वाजलं तरी बोलत नसे. आम्प्लिआता त्याच्या चेहऱ्याकडे बघून ते ओळखायला शिकली आणि गिऱ्हाइकाला नाणं परत द्यायला लागली. तिचा धंदा चांगला चालला.

सम्राट वारला ती बातमी आली तेव्हा बंदरावर लोक उघड हसले. नव्या सम्राटाचे देनार यायला लागले. तरुण चेहरा, लांब मान. शौचकूपाच्या दारातल्या लंगड्याची टोपली रिकामी राहायला लागली आणि एके दिवशी तो दिसेनासा झाला. खटले मागे घेतले जात होते, हद्दपार झालेली माणसं परत येत होती. सेरिनियुस टेकडीवरचं घर विकून कुठेतरी निघून गेला.

“आता जा,” नेब्रिस म्हणाली. “थैली उघडायला सांगा. तांबं दाखवा सगळ्यांना.”

“आणि शपथ?”

“मेला तो माणूस.”

“ज्यानं शपथ घेतली तो जिवंत आहे.”

“मग निदान बघून तरी या. इतकी वर्षं त्या रस्त्यानं जात नाही तुम्ही. तुमच्यापायी मला मेलीला बाजाराला लांबून जावं लागतं.”

तो गेला. दुपारची वेळ होती, देवळात झाडलोट करणाऱ्या म्हातारीशिवाय कुणी नव्हतं. वाहिलेल्या थैल्या आतल्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या होत्या, बऱ्याचशा धुळीनं करड्या झालेल्या. आपली त्याला शोधावी लागली नाही. तिच्या तळाशी, तांब्याचं भांडं कळकलं की येतो तसा, हिरवा डाग होता. डाग कापडातून वर चढला होता, दोऱ्यातून पट्टीपर्यंत गेला होता आणि हाडात मुरला होता. नाव वाचता येत नव्हतं. खालचा शब्द तेवढा स्वच्छ होता.

“हे हिरवं कशानं झालं असेल हो?” म्हातारीनं झाडू थांबवून विचारलं. “सणाला पुजारी मला विचारतात. मी दोनदा पुसलं.”

“समुद्राची हवा,” हिलारुस म्हणाला.

म्हातारीनं भिंतीवरच्या बाकीच्या थैल्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“हवा काय एकाच थैलीला लागते?”

त्यानं तिच्याकडून फडकं मागून घेतलं आणि पट्टी पुसली. हिरवं निघालं नाही. त्यानं फडकं परत दिलं, पायऱ्या उतरला आणि नेहमीच्या लांबच्या रस्त्यानं न जाता बाजारातून सरळ घरी आला.

“काय झालं?” नेब्रिसनं विचारलं.

“आहे तिथेच आहे,” तो म्हणाला. “आता मला कुणाला काही सांगायला नको.”

तिला ते कळलं नाही. त्यानं कोपऱ्यातली काळी लादी उचलली, तिच्यावरची धूळ हातानं पुसली आणि दाराशी, पाणी सांडायचं तिथे, पायरी म्हणून बसवली.